मुंबईची पावसाची वही आणि आपली वही

बोरीकाठ (अमळनेर) :
गेल्या पावसाळ्यात भुसावळहून मुंबईला निघालेली आमची गाडी कुर्ला-शीव भागात रुळांवर पाणी आल्यामुळे इगतपुरीला चार तास उभी राहिली आणि तेवढ्या वेळात डब्यातील प्रत्येक जण पावसाचा जाणकार झाला. एका गृहस्थांच्या मते मुंबईचा पाऊस पूर्वीच्या दुप्पट झाला होता, तर समोरच्या आजींच्या मते पूर्वीसारखी आठ-आठ दिवसांची झड आता लागतच नाही. मी पाटबंधारे खात्यात असताना बरीच वर्षे रोज सकाळी पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत मांडलेले असल्यामुळे मला राहवले नाही आणि मी विचारले, "मुंबईचा पाऊस म्हणजे नेमका कुठला?" कोणीच उत्तर दिले नाही, म्हणून तो प्रश्न येथे मांडत आहे. आपल्याकडे, म्हणजे खान्देशात, पाऊस वाढला की घटला हा वाद दर वर्षी होतो. पण ज्या शहराची वही आपल्यापेक्षा कितीतरी जुनी आणि अखंड आहे, तिच्यात पाहिल्याशिवाय त्या वादाला तोंड घालू नये, असे माझे मत आहे.

मुंबईत हवामान खात्याच्या मुख्य वेधशाळा दोन आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात 1826 मध्ये स्थापन झाली आणि तेथील पावसाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या आहेत. सांताक्रूझची वही मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत वीसेक किलोमीटरचे अंतर आहे, म्हणजे अमळनेरहून पारोळ्याला जावे तेवढेच. तरीही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची सरासरी कुलाब्याला सुमारे 2,100 मिलिमीटर आणि सांताक्रूझला सुमारे 2,300 मिलिमीटर आहे.

सरासरीतील हा फरक सौम्य वाटावा असे काही दिवस या दोन वह्यांत आहेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे जळगावला संपूर्ण पावसाळ्यात जेवढा पडतो त्याच्या जवळजवळ दीडपट. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला सुमारे 74 मिलिमीटर, म्हणजे तेथील माणसासाठी तो आषाढातला एक साधारण ओला दिवस होता. याच्या उलट 5 ऑगस्ट 2020 चा दिवस पाहा. त्या वेळी कुलाब्याला चोवीस तासांत 331.8 मिलिमीटर नोंदले गेले आणि सांताक्रूझला त्याच्या साधारण निम्मे. 5 जुलै 1974 रोजी कुलाब्याने 575.6 मिलिमीटर पाहिले आहेत. त्यामुळे "मुंबईत इतका पाऊस झाला" या वाक्याला मापकाचे ठिकाण सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

आणखी एक बारकावा असा, की हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मध्यरात्री सुरू झालेली आणि दुपारपर्यंत टिकलेली सर वहीत दोन तारखांवर विभागली जाते, आणि मग तोच पाऊस अर्धा-अर्धा होऊन सौम्य दिसतो. आमच्या खात्यातही हेच वेळापत्रक होते. उशिरा उठणाऱ्या चौकीदारांनी केलेल्या गमती सांगण्याचे हे ठिकाण नव्हे.

तर माझा प्रश्न असा आहे : इतक्या जुन्या वहीवरूनही "पाऊस वाढला" किंवा "घटला" असे एका शब्दात म्हणता येत नसेल, तर आपण आपल्या तीस-चाळीस वर्षांच्या आठवणींवरून ते कसे म्हणतो?

पाचोरेकर :
अण्णा, लेख आवडला, परंतु आपण उत्तर टाळले आहे असे नम्रपणे वाटते. डब्यातील गृहस्थ चुकले की आजी? होय किंवा नाही असे सांगावे.

खान्देशी कल्याणकर :
मी मूळचा धरणगावचा आणि 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझजवळच कामाला होतो. सकाळी विशेष काही नव्हते. दुपारी जेवणानंतर जो अंधार झाला आणि जो पाऊस कोसळू लागला, त्याला सर म्हणावे, झड म्हणावे की आणखी काही, हे मला आजही ठरवता आलेले नाही. नंतर वाचले की दुपारी अडीच ते साडेतीन या एकाच तासात तेथे सुमारे 190 मिलिमीटर पाऊस झाला होता.

येथे पाऊस आणि पूर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा बेताने बांधलेली होती, आणि तेही समुद्राला ओहोटी असेल तर. 1985 च्या पुरानंतर अभ्यास होऊन 1993 मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा अहवाल तयार झाला आणि त्यात ही क्षमता ताशी 50 मिलिमीटरवर नेण्याचे सुचवले गेले. ताशी 50 चा बेत आणि ताशी 190 चा पाऊस यांची तुलना करून पाहा. त्यातच त्या दुपारी भरती साडेचार मीटरच्या आसपास होती, म्हणजे गटारांच्या तोंडाशी समुद्रच उभा होता. मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि तिच्या मुखाशी भराव घालून वसाहत उभी राहिलेली आहे. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी जेवढ्या पावसाने गुडघाभर पाणी साचत असे, तेवढ्याच पावसाने आज छातीभर साचले तर माणसाला पाऊस वाढला असे वाटणारच. माझ्या मते डब्यातील गृहस्थ पाऊस मोजत नव्हते, ते पाणी मोजत होते.

बोरीकाठ (अमळनेर) :
कल्याणकर, आपले शेवटचे वाक्य मी जपून ठेवणार आहे. आता पाचोरेकरांना उत्तर देतो.

चार महिन्यांच्या एकूण बेरजेपुरते बोलायचे तर "दुप्पट" हे नक्कीच चुकीचे आहे. मुंबईच्या बेरजेत एका वर्षाचे पुढच्या वर्षाशी असलेले अंतरच इतके मोठे असते, की त्या उसळ्यांच्या आड मंद चढ किंवा उतार सहज दडून जातो. 2019 आणि 2020 ही लागोपाठची दोन वर्षे सांताक्रूझला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर गेली. ज्याने फक्त ती दोन वर्षे पाहिली त्याला पाऊस दीडपट झाला असेच वाटेल, आणि ज्याने 2015 सारखी तुटीची वर्षे तेवढी लक्षात ठेवली त्याला मुंबई कोरडी पडत चालली आहे असे वाटेल. शिवाय ओली वर्षे आणि कोरडी वर्षे पुंजक्यांनी येतात. दहा-वीस वर्षांचा तुकडा उचलला आणि तो अशा पुंजक्यावर सुरू झाला की हवी ती रेघ ओढता येते. निवडणुकीच्या भाषणात ओढलीही जाते.

"सरासरी" हा शब्दसुद्धा स्थिर नाही. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी 1961 ते 2010 या काळावर काढली तेव्हा ती 880 मिलिमीटर होती. 2022 मध्ये हवामान खात्याने 1971 ते 2020 हा काळ धरला आणि ती 870 झाली. मुंबईत पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी 10 जून होती, ती 2020 मध्ये 11 जून केली गेली, आणि परतण्याची तारीख मात्र 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. यायला एक दिवस उशीर आणि जायला नऊ दिवस उशीर, हे माझ्या मते कोणत्याही बेरजेपेक्षा अधिक बोलके आहे, कारण आपल्याकडे वेचणीला आलेला कापूस भिजतो तो याच दिवसांत.

आता आजींचे म्हणणे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले, ते आपण अवश्य समजून घ्यावे. 1951 ते 2000 या काळातील मध्य भारताच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले, की अतिजोरदार पावसाचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे प्रसंग घटले आणि हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकत असल्यामुळे हंगामाची सरासरी जवळजवळ तशीच राहिली. थोडक्यात, बेरीज तीच राहते आणि आतली वाटणी बदलते. आजी झड कमी झाली म्हणतात तेव्हा त्या मध्यम पावसाबद्दल बोलत असतात आणि गृहस्थ कोसळण्याबद्दल. भांडण दोन वेगळ्या रकान्यांचे आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. त्या अभ्यासाची चौकट पूर्वेकडे साडेचौऱ्याहत्तर रेखांशापासून सुरू होते. मुंबई बहात्तर अंश आणि काही मिनिटांवर आहे, म्हणजे ती चौकटीबाहेर राहते. जळगाव आत येते, धुळे अगदी कडेला आत येते आणि नंदुरबार थोडक्यात बाहेर राहते. मुंबईच्या पुरानंतर हा अभ्यास सर्रास मुंबईच्या नावाने सांगितला जातो, पण खरे म्हणजे तो तिच्यापेक्षा आपल्याबद्दल अधिक आहे.

चोपडा कपाशी :
अण्णांचा मान राखून विचारतो, की या मुंबईपुराणाचा आम्हाला उपयोग काय? मुंबईत धो-धो कोसळत असताना आमच्याकडे कपाशी माना टाकते, हे मी वीस वर्षे पाहत आहे. दूरचित्रवाणीवर दिवसभर हिंदमाताचे पाणी दाखवतात आणि येथे आम्ही दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणायला निघालेलो असतो. तेथील नोंदीवरून येथील काही कळते का?

बोरीकाठ (अमळनेर) :
दादा, आपला राग रास्त आहे, आणि एका दिवसाच्या पावसापुरते उत्तर "नाही" असेच आहे. मुंबईचा जोर येतो तो किनाऱ्याला समांतर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यातून आणि सह्याद्रीला धडकून वर चढणाऱ्या दमट पश्चिमी वाऱ्यातून. तोच वारा घाट उतरून चाळीसगाव-साक्रीकडे येतो तेव्हा तो खाली उतरत असतो, तापत असतो आणि ढग विरत असतात. आपण पर्जन्यछायेत आहोत याचा अर्थ एवढाच. आपल्याला चांगला, सर्वदूर पाऊस मिळतो तो बहुधा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशी वाटचाल करत तापीच्या खोऱ्याजवळ येते तेव्हा. ते क्षेत्र आणखी पुढे गुजरातकडे सरकले की कधीकधी मुंबईचा वाराही जोर धरतो, आणि मग एकाच आठवड्यात आधी आपण भिजतो व मागाहून मुंबई. एरवी दोघांचे वेळापत्रक निराळे.

उपयोग आहे तो पद्धतीचा. त्यांच्याकडे मोठ्या काळाची वही आहे, म्हणून एक वर्ष किती फसवे असते ते तिच्यात दिसते. आपल्याकडे फसण्याची शक्यता उलट जास्तच आहे. चाळीसगावचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन गावात पाणी शिरले, कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या. आणि 2023 मध्ये तोच तालुका शासनाच्या दुष्काळी तालुक्यांच्या यादीत होता, शिंदखेडा आणि नंदुरबार यांच्यासोबत. 2023 चा ऑगस्ट देशभरातच 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. पूर आणि दुष्काळ या दोन वर्षांची सरासरी काढली तर कागदावर बरा पावसाळा दिसू शकेल, आणि त्या बऱ्या पावसाळ्यात कोणीही सुखात नव्हते.

आकडेमोडीची विद्यार्थिनी :
मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते आणि माहेर रावेरचे आहे. अण्णांचे म्हणणे एका कल्पित उदाहरणाने मांडते. समजा दोन गावांत चार महिन्यांत प्रत्येकी 600 मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या गावात तो 40 दिवस, रोज 15 याप्रमाणे पडला. दुसऱ्या गावात 8 दिवस, रोज 75 याप्रमाणे. सरासरीच्या तक्त्यात दोन्ही गावे सारखीच दिसतील. पहिल्या गावातील पाणी जमिनीत मुरेल, वाफसा येईल, निंदणी-कोळपणी होईल. दुसऱ्या गावात प्रत्येक पावसाला 65 मिलिमीटरची अतिवृष्टीची अट पूर्ण होईल, पंचनामे होतील, आणि मधल्या कोरड्या आठवड्यांत पीक जाईल ते वेगळेच.

म्हणून संख्याशास्त्रात सरासरीच्या शेजारी तिच्यापासूनचे विचलन सांगितल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. संपूर्ण देशाच्या मोसमी पावसाचे हे विचलन सरासरीच्या सुमारे 10 टक्के असते, कारण एका प्रांताची तूट दुसरा भरून काढतो. क्षेत्र जितके लहान तितके ते वाढत जाते. एका शहराला, एका तालुक्याला ही उसनवारी उपलब्ध नसते. देशाचा पाऊस 96 ते 104 टक्क्यांत असला की "सर्वसाधारण" म्हणतात. तोच शब्द एका महसूल मंडळासाठी वापरला की मला अडखळायला होते.

तापीची लेक :
माझी शंका अगदी वेगळी आहे. 2025 च्या मे महिन्यात पाऊस इतका लवकर आला की रोहिणी नक्षत्रातच आमच्या शिवारात चिखल झाला. पेरणी करावी की थांबावी यावरून घरात दोन तट पडले; सासऱ्यांनी थांबायला सांगितले आणि शेजाऱ्यांनी पेरून टाकले. लवकर आलेला पाऊस चांगला हंगाम सांगतो, असे मुंबईच्या जुन्या वहीत काही सापडते का?

बोरीकाठ (अमळनेर) :
ताई, सापडते, आणि जे सापडते ते फार गमतीचे आहे. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजी पोहोचला, आणि त्या महिन्यात कुलाब्याला तोवर 295 मिलिमीटर पाऊस झालेला होता. त्यामुळे मे महिन्याचा जो विक्रम मोडला तो 1918 चा होता, 279.4 मिलिमीटरचा. आता 1918 मध्ये पुढे काय झाले ते पाहा. त्या वर्षी केरळात मोसमी पाऊस 11 मे रोजीच आला होता. इतक्या लवकर तो आल्याची दुसरी नोंद नाही. आणि त्यानंतरचा पावसाळा देशाच्या इतिहासातील सर्वांत वाईट दुष्काळांपैकी एक ठरला. उलट 2025 मध्ये मे तितकाच ओला होता आणि पुढे देशभरात सरासरीच्या 108 टक्के पाऊस झाला. दोन्ही मे महिने एकाच रांगेत बसतात आणि दोन्ही पावसाळे दोन टोकांना.

उशिराचेही पाहून घ्या. केरळात पाऊस सर्वांत उशिरा पोहोचला तो 1972 मध्ये, 18 जूनला. बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल खान्देशात कोणाला सांगायची गरज नाही. खडी फोडायला गेलेली माणसे आजही आपल्यात आहेत. म्हणजे सर्वांत लवकर आलेल्या वर्षीही दुष्काळ आणि सर्वांत उशिरा आलेल्या वर्षीही दुष्काळ. येण्याच्या तारखेला हंगामाचे भविष्य विचारू नये. आपल्या सासऱ्यांचा निर्णय मला पटतो, पण तो 1918 मुळे नव्हे. मेमधला पाऊस आणि जूनमधला पाऊस यांच्या मध्ये उघडीप किती दिवसांची पडेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून.

पाचोरेकर :
अण्णा, उत्तर मिळाले, आणि दोघेही चुकले नाहीत हे ऐकून थोडी निराशाही झाली. मग आपण आपल्या वहीत काय लिहावे, तेही सांगावे. आमच्या मंडळात स्वयंचलित केंद्र आहे, पण ते गावापासून नऊ किलोमीटरवर आहे.

बोरीकाठ (अमळनेर) :
नऊ किलोमीटर पुष्कळ झाले. जुलैच्या ढगाला बांध ओलांडतानाही मन बदलता येते. साधा पर्जन्यमापक घ्यावा, तो झाड, भिंत आणि पत्र्याच्या पन्हाळीपासून दूर उघड्यावर बसवावा आणि रोज सकाळी साडेआठलाच वाचावा. शून्य पडला तरी शून्य लिहावे, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट; मी पाहिलेल्या जुन्या वह्यांत कोरडे दिवस रिकामे सोडलेले असतात आणि मग तो पाऊस नव्हता की वाचणारा नव्हता, हे कळायला मार्ग उरत नाही. 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरावा, आणि अशा दोन दिवसांमधील कोरड्या दिवसांची सलग संख्या वेगळ्या रकान्यात लिहावी. कपाशीला आणि ज्वारीला तुमची वार्षिक बेरीज ठाऊक नसते, खंड ठाऊक असतो. जमल्यास पाऊस किती वेळात पडला तेही लिहावे. मुंबईला 944 ने बुडवले असे आपण म्हणतो, पण त्यातल्या 190 ने बुडवले असे म्हणणे अधिक खरे आहे. नक्षत्र लिहायचे असेल तर जरूर लिहावे, मी स्वतः लिहितो. मात्र तारखेऐवजी नव्हे, तारखेसोबत.

खान्देशी कल्याणकर :
हे वाचून गावी फोन केला. आमच्या आजोबांकडे पावसाची एक वही होती आणि ती माळ्यावरून सापडली आहे. पाने पिवळी पडली आहेत, पण अक्षर स्वच्छ आहे. अडचण अशी, की आकडे "2-35", "0-80" असे लिहिलेले आहेत. हे मिलिमीटर असणे शक्य नाही. काय समजावे?

बोरीकाठ (अमळनेर) :
ते इंच आणि सेंट आहेत. एका इंचाचे शंभर सेंट, आणि एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. आजोबांचा "2-35" म्हणजे 59.7 मिलिमीटर आणि "0-80" म्हणजे 20.3. दशमान पद्धत येण्यापूर्वी सगळीकडे असेच लिहीत असत. गंमत म्हणजे कुलाब्याच्या 1918 च्या त्या 279.4 ला 25.4 ने भागून पाहा, बरोबर 11 येतात. तो आकडा वहीत मुळात अकरा इंच असाच उतरलेला असणार. सगळी पाने एकदम नको. आधी जून आणि जुलैची पाठवा, आणि कोरड्या दिवसांसमोर आजोबांनी शून्य लिहिले आहे की जागा रिकामी सोडली आहे, तेवढे पाहून कळवा.

खान्देशी कल्याणकर :
शून्य लिहिले आहे. प्रत्येक दिवशी.